एक्स्टेन्शन ट्यूब घेताय? आधी फूटपट्टी काढा, या चुका टाळा

अख्खी नथ फोटोत हवी आहे, की नथीतला एकेक मोती? ‘बारीक वस्तू जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स परवडत नाही, एक्स्टेन्शन ट्यूब घेऊ का?’ असं कोणी विचारलं की मी आधी हा उलट प्रश्न टाकतो. बहुतेकांनी तो स्वतःला विचारलेलाच नसतो. ट्यूब स्वस्त दिसली, सेटमध्ये तीन मिळाल्या, घेऊन टाकल्या, आणि दोन रविवारनंतर त्या कपाटात गेल्या.

ट्यूब म्हणजे पोकळ कडं. आत काच नाही. लेन्स सेन्सरपासून थोडी लांब ढकलायची, एवढंच तिचं काम. त्यामुळे लेन्सला आणखी जवळचं दिसू लागतं आणि वस्तू मोठी येते. आकारात किती पट भर पडते, याचा हिशोब चौथीतला आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा. निकॉनची जुनी ५५ मिमीची एफ/२.८ मायक्रो-निक्कॉर लेन्स एकटी वस्तूच्या निम्म्या आकाराचीच प्रतिमा देते. तिच्या मागे २७.५ मिमीची पीके-१३ ट्यूब लावली की आणखी निम्मं मिळतं आणि बरोबर १:१ होतं, म्हणजे सेन्सरवर वस्तूएवढीच प्रतिमा.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक याच भागाकारात आहे. ‘माझी लेन्स २५० मिमीपर्यंत जाते, तिला ट्यूब लावली की कमाल होईल’ असं वाटतं. ३६ मिमीची ट्यूब धरली तर ३६ भागिले २५०, म्हणजे जेमतेम ०.१४ ची भर. कमाल वगैरे काही नाही. तीच ३६ मिमीची ट्यूब ५० मिमीच्या लेन्सला लावली तर ०.७२ ची भर पडते. उलट टोकाला, १८-५५ किट लेन्स १८ वर ठेवून जाडजूड ट्यूब लावलीत तर फोकस होण्याची जागा लेन्सच्या काचेला चिकटते किंवा तिच्या आतच जाते. मग लोक म्हणतात, ट्यूब खराब निघाली. ती धड असते, झूम ५५ वर न्या.

आता फूटपट्टी. कॅमेऱ्याला आहे ती लेन्स लावा, जितकं जवळ जाऊन फोकस होतो तितकं जा आणि पट्टीचा फोटो काढा. चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. माझ्या ५० मिमीच्या लेन्सवर साधारण १०६ मावतात. सेन्सर २२.३ मिमी रुंद, म्हणजे ०.२१ पट. त्यात १२ मिमीची ट्यूब घातली की ०.४५ पट होतं आणि चौकटीत सुमारे ५० मिमी मावतात: नथ छान बसते. ३६ ची घातली की सुमारे २४ मिमी, तिथे मोत्यांची गाठवण दिसते. तुमचं काम पानं, फुलं, दागिने एवढंच असेल तर तिन्ही ट्यूब एकावर एक चढवायची वेळ क्वचितच येईल.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. सगळ्यात स्वस्त सेट घेतला, ज्यात कॅमेरा आणि लेन्स यांच्यात बोलणी करून देणारे सोनेरी पॉइंट नव्हतेच. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं पात्यांनी लहानमोठं होणारं, प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान. हल्लीच्या बऱ्याच लेन्सना अ‍ॅपर्चरची रिंग नसते, त्यामुळे पॉइंट नसले की ते बदलता येत नाही. कॅनन ईएफची लेन्स सताड उघडी राहते. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर उलट पार मिटतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. कॅननवर एक जुगाड आहे: एफ/११ लावायचं, डेप्थ प्रिव्ह्यूचं (फोटोआधीच पाती मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची, पाती त्याच जागी राहतात. दर वेळी धूळ आत घेत हे कोण करणार? जुनी, अ‍ॅपर्चर रिंगवाली मॅन्युअल लेन्स असेल तर बिनपॉइंटचा सेट खुशाल घ्या. नसेल तर पॉइंटवालाच घ्या, पैसे जास्त गेले तरी.

ट्यूब लावल्यावर लांबचा फोकस होत नाही. तो बिघाड नाही. ऑटोफोकस पुढेमागे भुणभुणत राहतो, तोही नाही. ऑटोफोकस बंदच करा. परवा कढीपत्त्याच्या कुंडीत उड्या मारणारा कोळी बसला होता, फार तर आठ मिमीचा. फोकसची रिंग एका जागी सोडली, कोपरं गुडघ्यावर टेकवली आणि शरीरच केसभर पुढे-मागे झुलवत सलग फोटो घेतले. पंधरातले दोन जमले. एफ/८ ला १:१ वर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर खोली धारदार येते: समोरचे दोन मोठे डोळे लख्ख, आणि मागच्या पायांचं धुकं.

खोली वाढवायला एफ/२२ लावायचा मोह होतो. १:१ वर प्रत्यक्षातलं अ‍ॅपर्चर दुप्पट आकड्याचं होतं, म्हणजे एफ/२२ चं एफ/४४. प्रकाश पाव उरतो आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळे, डोळेही मऊ पडतात. मी एफ/८ ते ११ च्या पुढे जात नाही, फ्लॅशसमोर बटर पेपर धरतो. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा प्रकाश इतक्या जवळ लेन्सच अडवते.

अंतर हाही मुद्दा धरा. ५० मिमीने १:१ काढताना किडा काचेपासून काही बोटांवर असतो. फुलपाखरू तोवर थांबत नाही. कास पठारावर सीतेची आसवं टिपायला लोक ओणवे होतात आणि एका फुलासाठी चार तुडवतात. तिथे ट्यूब नकोच. ५५-२५० सारखी टेलिलेन्स असेल तर तिच्या तोंडावर क्लोज-अप लेन्स चढवा. कॅननची ५००डी ही अशी काच दोन डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे काचेची ताकद, चष्म्याच्या नंबरासारखी), अर्ध्या मीटरवरून काम करते. रेनॉक्सची डीसीआर-२५० आठ डायॉप्टरची, क्लिपने बसते, मोठं दाखवते पण पुन्हा जवळ नेते. छोट्या लेन्सला ट्यूब, लांब लेन्सला क्लोज-अप काच, एवढी खूणगाठ बांधा.

सेकंडहँड घेताना: कॅननच्या पहिल्या पिढीच्या ईएफ १२ आणि ईएफ २५ ट्यूबवर ईएफ-एस (लहान सेन्सरच्या कॅनन कॅमेऱ्यांसाठीची) लेन्स बसत नाही, दुसऱ्या पिढीच्या ट्यूबवर बसते. दुकानात कॅमेरा आणि लेन्स घेऊनच जा. ट्यूब लावा, एफ/१६ ठेवा, दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्या आणि समोरून लेन्सच्या आत बघा. पाती मिटलेली दिसली नाहीत तर डबा परत काउंटरवर.