व्यापारी दावे आणि सरकारविरुद्धच्या याचिका : नव्या वकिलांनो, या चुका टाळा

व्यापारी दावे किंवा सरकारी निर्णयांविरुद्धच्या याचिका हेच आपलं क्षेत्र ठरवून येणारी तरुण मंडळी बहुधा युक्तिवादाची तयारी करून येतात. दोन्हीकडे पारडं त्याच्या आधीच झुकलेलं असतं : दाद कुठे मागितली, कधी मागितली आणि सोबत कुठले कागद लावले, यावर. खालच्या चुका त्याच टप्प्यावरच्या आहेत. चूक होऊन गेल्यावर काही करता येत असेल तर तेही सांगितलं आहे.

१२० दिवस म्हणजे १२० दिवसच

साध्या दिवाणी दाव्यांत मुरलेल्या वकिलाला एक सवय लागते. ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) आलीच नाही असा, आदेश झाला तरी अर्ज द्यायचा, खर्च भरायचा आणि कैफियत दाखल करून घ्यायची. कमर्शियल कोर्ट्स कायदा, २०१५ खालच्या दाव्यात हीच सवय अशिलाला बुडवते. समन्स बजावल्यापासून ३० दिवस, आणि कोर्टाने कारणं नोंदवून, खर्च लावून वाढवले तर फार तर १२० दिवस. पुढे कैफियत देण्याचा हक्कच राहत नाही. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दारं पक्की बंद केली. ‘वादपत्रच (वादीचा लेखी दावा) नाकारा’ असा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ नियम ११ चा अर्ज पडून आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. समेटाची बोलणी चालू आहेत म्हणून तर नाहीच.

घोटाळा बऱ्याचदा याच्याही आधी होतो : दावा ‘कमर्शियल’ आहे हेच लक्षात येत नाही. सुरुवातीला किमान मूल्य १ कोटी रुपये होतं, २०१८ च्या दुरुस्तीने ते ३ लाखांवर आलं. त्यामुळे दोन व्यापाऱ्यांमधल्या थकलेल्या बिलाचा साधासा वाटणारा दावाही यात येतो. उलट, जागेचा वाद आहे आणि पक्षकार कंपनी आहे एवढ्यावरून दावा व्यापारी होत नाही. ती मालमत्ता प्रत्यक्ष व्यापारासाठी वापरात असावी लागते, पुढे कधीतरी वापरली जाईल हे पुरत नाही.

मुदत गेलीच असेल तर पहिल्यांदा समन्सच्या बजावणीचा अहवाल काढा. तारीख कुठली, वादपत्राची प्रत सोबत होती का, सही कुणाची, ते बघा. त्यातही काही सापडलं नाही तर बचाव संपला असं समजून घरी बसू नका. वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास घेता येतो, त्याच्याच कागदांवर बोलता येतं, आणि दावा मुदतबाह्य असेल तर बचावात तसं म्हटलं नसलं तरी तो फेटाळणं हे कोर्टाचं काम आहे. आपल्या बाजूची नवी हकिकत मात्र आता आणता येणार नाही. अशिलाला हे स्पष्ट सांगा, आणि लेखी सांगा.

‘तातडी आहे’ असं लिहून मध्यस्थी टाळणं

कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे, तातडीची अंतरिम (निकालाआधीची तात्पुरती) दाद मागायची नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या निकालाने (२०२२) ही सक्ती २० ऑगस्ट २०२२ पासून पक्की झाली. त्यानंतर मध्यस्थीशिवाय आलेलं वादपत्र नाकारलं जातं. मग काहींनी सोपी वाट शोधली, प्रत्येक दाव्याला मनाई अर्जाचं शेपूट लावायचं. यामिनी मनोहर प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडी खरी आहे की नुसता मुखवटा, हे कोर्ट वादपत्र आणि कागद वाचून बघेल. चार वर्षांपूर्वीच्या बिलाच्या वसुलीत अचानक उद्भवलेली तातडी न्यायाधीशांनाही दिसते.

मध्यस्थीला मला तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. मुदत तीन महिन्यांची, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिन्यांची, आणि हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. समोरचा आलाच नाही तर ‘नॉन-स्टार्टर’ अहवाल मिळतो. तो वादपत्राला जोडायचा आणि पुढे जायचं.

कागद नंतर देऊ

व्यापारी दाव्यात ताब्यातले, अधिकारातले सगळे संबंधित कागद वादपत्रासोबतच उघड करावे लागतात, अशिलाला अडचणीचे असलेलेसुद्धा. सोबत सत्यतेचं शपथपूर्वक निवेदन द्यावं लागतं. म्हणून पहिल्या भेटीतच अशिलाकडून अख्खी ई-मेल साखळी घ्या, त्याने ‘महत्त्वाच्या’ म्हणून निवडून आणलेल्या चार पानांवर विसंबू नका. निवडलेल्या पानांतला गाळलेला मेल समोरच्याकडे असतोच.

ई-मेल आणि व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींना प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य ठरवलं. मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना बदलला आहे, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे ताडून बघता येणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चा मसुदा कॉपी-पेस्ट करणारे आजही भेटतात. प्रमाणपत्र राहून गेलं असेल तर सुनावणी संपण्याआधी परवानगी मागा. उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल, तर ते मागवण्यासाठी कोर्टाकडेच अर्ज करता येतो.

आदेश चुकीचा आहे, म्हणून थेट रिट

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ चं, म्हणजे थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचं, आकर्षण मोठं आहे. पण अपिलाची सोय असताना थेट उच्च न्यायालयात गेलात, तर पहिला प्रश्न पर्यायी उपायाचाच येईल. व्हर्लपूल प्रकरणातले (१९९८) अपवाद तोंडपाठ हवेत : मूलभूत हक्कांचा भंग, नैसर्गिक न्याय न पाळणं (जसं, बाजू ऐकून न घेणं), अधिकारच नसणं, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. यातला कुठला लागू होतो ते याचिकेच्या पहिल्या काही परिच्छेदांत तथ्यांसह दिसलं पाहिजे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची बदली, बढती, शिस्तभंग असेल तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. तिथे साधारण एक वर्षाची मुदत आहे आणि खात्याकडे अर्जांवर अर्ज करत राहिल्याने ती वाढत नाही.

न्यायमूर्तींचा कल विरोधात दिसला की बरेच ज्युनियर घाबरून ‘विथड्रॉ’ (याचिका मागे घेतो) म्हणून मोकळे होतात. असं करू नका. अपील करण्याची मुभा, सगळे मुद्दे खुले, आणि इथे गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ च्या तत्त्वाने (चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ वगळणं) विचारात घ्यावा, या तिन्ही गोष्टी आदेशात नोंदवून घ्या. मुभेशिवाय मागे घेतलेल्या याचिकेनंतर त्याच विषयावर दुसरी रिट चालत नाही.

प्रशासकीय आदेश वाचताना कारणांचा परिच्छेद सर्वांत आधी शोधा. मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून (१९७८) नियम आहे की आदेशाची वैधता त्यातल्याच कारणांवर तपासली जाते, सरकारला प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं घालता येत नाहीत. तरी कितीतरी याचिकाकर्ते त्या नव्या कारणांनाच पानंच्या पानं उत्तर देत बसतात. निविदेच्या प्रकरणात उलटी चूक होते : आपल्या अशिलाचा दर कसा कमी होता यावरच भर. टाटा सेल्युलरच्या निकालापासून (१९९४) कोर्ट निर्णय कसा घेतला गेला ते तपासतं, स्वतः निविदा उघडून बसत नाही. तेव्हा माहिती अधिकारात टिपण्यांसह फाइल मागवा. पायाभूत प्रकल्प असेल तर कंत्राटाच्या दाव्यात मनाई मागण्याआधी, अशी मनाई अडवणारं विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम २०अ वाचा.

फी, आणि आदेश मिळाल्यानंतर

वसुलीच्या रकमेचा टक्का फी म्हणून घेण्याचा प्रस्ताव व्यापारी अशील हसतहसत ठेवतात. बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे, म्हणून टप्प्याटप्प्याची फी लेखी ठरवा. समेटाच्या बैठकांत स्वतःच्या नावाने आश्वासनांचे मेल पाठवू नका. उद्या तुम्हीच साक्षीदार ठरलात तर त्या प्रकरणात उभं राहता येणार नाही.

सरकारविरुद्ध आदेश मिळाला की पेढे वाटून फाइल बंद करणारेही आहेत. प्रत अधिकाऱ्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्या, पालनाची तारीख डायरीत टाका. अवमान झाला तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.