फिल्ममधला उरलेला सॉल्व्हंट मोजायची तयारी

पाकिटांच्या छापील फिल्ममध्ये शाईचा आणि गोंदाचा सॉल्व्हंट (त्यांना पातळ करणारा द्रव) किती उरला, हा आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा जीसीवर (वाफेतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर) नाही, रोल कापताना आणि वाटेत. म्हणून आधी रोलचे वरचे चार-पाच फेरे सोलून टाका; हवा लागून त्यांतला सॉल्व्हंट बराचसा उडालेला असतो. मग डावी कड, मध्य आणि उजवी कड, तिन्हीकडचे तुकडे घ्या, कारण शाई वाळवणाऱ्या ड्रायरची हवा रुंदीभर सारखी लागेलच असं नाही. तुकडा लगेच अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. पॉलिथिनची पिशवी नको, सॉल्व्हंट तिच्यातून आरपार जातो. फिल्मवर मार्करने नाव लिहिलंत तर मार्करची शाईच मोजली जाईल. फॉइलवर कागदी लेबल लावून पेन्सिलीने लिहा.

तळोजाहून रबाळ्याच्या लॅबला निघालेलं सॅम्पल स्कूटरच्या डिकीत टाकू नका. पेट्रोलच्या वाफेत टोल्युइन हा सॉल्व्हंट असतो, आणि आयएस 15495 या भारतीय मानकाच्या 2020 च्या आवृत्तीनंतर खाद्यपदार्थांच्या पाकिटांच्या शाईत टोल्युइन चालत नाही. उगाच शाईवाल्याशी भांडण.

लॅबमध्ये टेम्प्लेट लावून 10 बाय 10 सेंटिमीटर कापा, त्याच्या सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या करून 20 मिलीच्या हेडस्पेस व्हायलमध्ये (गरम करून वरची वाफ मोजायच्या काचेच्या बाटलीत) मोकळ्या सोडा. टोपण क्रिंप केल्यावर (दाबून बसवल्यावर) बोटांनी फिरवून बघा. फिरलं तर गळतंय. त्याच टेबलावर, त्याच वेळी एक रिकामी व्हायलही बंद करा. एमआयडीसीतली हवा कोरी नसते.

स्टँडर्डसाठी (आकडा ताडायच्या, प्रमाण माहीत असलेल्या द्रावणासाठी) 100 मायक्रोलिटर इथाइल अ‍ॅसिटेट हा सॉल्व्हंट डायमिथाइल अ‍ॅसिटामाइड या द्रवात घालून 10 मिली करा. यातल्या 5 मायक्रोलिटरमध्ये साधारण 45 मायक्रोग्रॅम येतं, म्हणजे 100 चौ. सेंमी तुकड्यासाठी 4.5 मिलिग्रॅम प्रति चौ. मीटर. शाईत एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, आणखी एक सॉल्व्हंट) असेल तर जीसीच्या 624 प्रकारच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) तो इथाइल अ‍ॅसिटेटला खेटून येतो. दोन्ही वेगवेगळे जीसीत टोचून त्यांचे पीक (आलेखातली शिखरं) आधीच ओळखून ठेवा.

पीई (पॉलिथिन) असलेल्या लॅमिनेटला (एकावर एक चिकटवलेल्या फिल्मला) व्हायल गरम करायचा ओव्हन 100 अंशांवरच ठेवा. 120 ला पीई वितळून पट्ट्यांचा गोळा होतो, आतला सॉल्व्हंट अडकतो आणि आकडा फसवा, छान कमी येतो. शंका असेल तर तीच व्हायल पुन्हा गरम करून टोचा. दुसरा पीक पहिल्याच्या जवळपास असेल तर पहिल्या वेळी थोडंच बाहेर आलं होतं.

रिपोर्टवर लॅमिनेशनची आणि सॅम्पल कापल्याची वेळ हवीच. हॉट रूममध्ये (गोंद पक्का व्हायच्या गरम खोलीत) 24 तास राहिलेला रोल मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या रोलशी ताडता येत नाही.