इब्री लोकांस पत्राचा अभ्यास करताना या चुका टाळा

विश्वासाचा अध्याय कोणता, असं कुठल्याही मराठी मंडळीत विचारा. संडे स्कूलमधलं लहान मूलही सांगेल, इब्री अकरा, म्हणजे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय. पहिलं वचन पाठ असतं, हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम ही नावंही क्रमाने पाठ असतात. पण हा अध्याय लेखकाने कुणासाठी लिहिला, त्याच्या आधी तो काय बोलत होता, हे विचारलं की बरेच जण थांबतात. या पत्राच्या अभ्यासातले बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. तेरा अध्यायांचं हे पत्र थकलेल्या, मागे फिरण्याच्या बेतात असलेल्या माणसांना धरून ठेवण्यासाठी लिहिलेलं आहे. ही गोष्ट नजरेआड झाली की प्रत्येक वचन सुटं होतं आणि हवं तिथे चिकटवता येतं.

अकराव्या अध्यायापासून सुरुवात करणं

लेखकाने अध्याय पाडले नव्हते. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन यांनी केली, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक रॉबर्ट एस्तिएन यांच्या १५५१ च्या आवृत्तीत मिळाले. म्हणजे दहाव्या आणि अकराव्या अध्यायांच्या मधली भिंत पुष्कळ नंतरची आहे. ती बाजूला ठेवा आणि १०:३२ पासून १२:१३ पर्यंत एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचा.

मग चित्र पालटतं. १०:३२-३४ मध्ये या लोकांचा इतिहास येतो. विश्वास धरला म्हणून त्यांची चारचौघांत निंदा झाली, छळ झाला. त्यांच्यातले काही तुरुंगात गेले आणि बाकीचे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांची मालमत्ता लुटली गेली, आणि तेही त्यांनी आनंदाने सोसलं. हे सगळं पूर्वी घडलेलं. आता बळ ओसरलंय, सभेला येणं काहींनी सोडलंय (१०:२५). अशा माणसांना लेखक सांगतो की तुम्हाला आता गरज आहे ती धीराची, टिकून राहण्याची (१०:३६). मग तो हबक्कूक संदेष्ट्याचं वचन देतो, नीतिमान विश्वासाने जगेल, आणि त्यानंतर अकरावा अध्याय सुरू होतो. बाराव्याचा पहिला शब्दच ‘म्हणून’ या अर्थाचा आहे: एवढे साक्षीदार आपल्याभोवती आहेत, म्हणून आपल्यापुढची धाव आपण धीराने धावू या. अकरावा अध्याय मधला पुरावा आहे. विषय आधी मांडून झाला आहे आणि निष्कर्ष पुढे आहे. हा अध्याय एकटाच फ्रेम करून भिंतीवर लावला की उरते ती फक्त थोर माणसांची यादी.

विश्वास म्हणजे मागितलेलं मिळणं, असं समजणं

ही चूक सर्वात जास्त दुखावते, कारण ती आजारी आणि कर्जबाजारी माणसांच्या वाट्याला येते. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कुणी इब्री अकराचा आधार घेऊन बोलत असेल, तर त्याच्यासमोर ३४ आणि ३७ ही दोन वचनं शेजारी शेजारी ठेवा. चौतिसाव्यात विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले. सदतिसाव्यात काही जण तलवारीने मारले गेले, आणि तेही विश्वासानेच. शस्त्र एकच, विश्वास एकच आणि शेवट दोन. लेखक यांतल्या कुणाला पहिला नंबर आणि कुणाला दुसरा असं काही देत नाही.

वळण येतं ते पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर. पहिल्या अर्ध्यात स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं जिवंत परत मिळतात. इथे सारफथची विधवा आणि शुनेमची बाई आठवावी, एलीया आणि अलीशा यांच्या गोष्टींमधल्या. पुढच्या अर्ध्यात इतरांचे हाल होतात, त्यांना सुटका देऊ केली जाते आणि ते ती नाकारतात, अधिक चांगल्या पुनरुत्थानाच्या आशेने. इथे बहुतेक अभ्यासकांना मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा सातवा अध्याय दिसतो, म्हणजे अँटिओकस राजाच्या छळात एकामागून एक मारले गेलेले सात भाऊ आणि त्यांची आई. कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक आहे, प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत नाही. वसईच्या एखाद्या कॅथलिक स्नेह्याकडून ते मागून हा अध्याय जरूर वाचावा. तो वाचल्यावर पस्तिसावं वचन घाईने ओलांडून जाता येत नाही.

अब्राहामाकडेही नीट पाहा. त्याला सगळ्या देशाचं वचन मिळालं होतं. प्रत्यक्षात तो त्या देशात तंबूत राहिला, परक्यासारखा. उत्पत्तीचा तेविसावा अध्याय सांगतो की सारा वारली तेव्हा तिला पुरायलाही त्याच्याकडे स्वतःची जागा नव्हती. हेथी लोकांकडून त्याने मकपेलाचं शेत आणि त्यातली गुहा विकत घेतली, चारशे शेकेल चांदी मोजून, घासाघीस न करता. वचनातल्या देशात त्याच्या कबजात आलेला हा तुकडा, आणि तो कबरीसाठी. इब्री ११:१३ म्हणतं, हे सगळे विश्वासात मरण पावले, वचनाची फळं हाती न येता, ती दुरून पाहून. ११:३९ तेच पुन्हा सांगतं. आपल्या प्रार्थनेचं उत्तर वर्षानुवर्षं आलेलं नाही असं ज्याला वाटतं, तो या अध्यायात उपरा नाही. उलट हा अध्याय त्याच्यासाठीच लिहिलेला आहे.

यादीत शमशोन आहे, इफ्ताह आहे, राहाब आहे. त्यांची चरित्रं धुऊन पुसून सांगू नका. शास्ते हे पुस्तक पहिल्या दोघांचे दोष झाकत नाही, मग आपण का झाकावेत?

सहाव्या अध्यायाने घाबरून जाणं, किंवा तो टाळून पुढे जाणं

अभ्यासगटात सगळे उठल्यावर कुणीतरी मागे थांबतं आणि हळूच विचारतं: मी मध्यंतरी सगळं सोडून दिलं होतं, आता परत आले, पण ६:४-६ मध्ये तर लिहिलंय की असं झालं तर पश्चात्तापाकडे पुन्हा आणणं अशक्य. माझं काय?

या प्रश्नाला ‘ते तुमच्यासाठी नाही हो’ एवढंच म्हणून वाटेला लावू नये. इशारा खरा आहे आणि पत्रात तो एकटा नाही. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला एक आहे, तिसऱ्या-चौथ्यात वाळवंटातल्या पिढीचा आहे, दहाव्यात आणि बाराव्यातही आहेत. पण सहावा अध्याय सहाव्या वचनावर संपवू नका. नवव्या वचनात लेखक या लोकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो. सबंध पत्रात ही हाक फक्त इथेच येते, सर्वात कडक बोलणं झाल्यानंतर लगेच. तुमच्याबद्दल आम्हाला अधिक चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं तो सांगतो, आणि अध्यायाच्या शेवटी आशेला जिवाचा नांगर म्हणतो.

हा उतारा चुकीच्या हाती पडला की काय होतं, हे चर्चच्या इतिहासात एकदा दिसलेलं आहे. इसवी सन २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने सर्वांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. अनेक ख्रिस्ती लोक भीतीने वाकले आणि छळ थांबल्यावर रडत परत आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या याजकाचा गट अडून बसला की यांना पुन्हा मंडळीत घ्यायचं नाही. या गटाच्या हातातलं एक वचन होतं इब्री सहा. चर्चने त्यांचं ऐकलं नाही, परतणाऱ्यांसाठी प्रायश्चित्ताची वाट ठेवली. पुढे चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी याच उताऱ्यावर नोव्हेशियनच्या अनुयायांना उत्तर दिलं. त्यांच्या मते इथे पुन्हा बाप्तिस्मा देण्याला नकार आहे, पश्चात्तापाला नाही.

तारण गमावता येतं की नाही, यावर कॅल्व्हिन आणि आर्मिनियस या प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांच्या परंपरांचं आजही एकमत नाही, आणि तो वाद एका संध्याकाळच्या अभ्यासात मिटणार नाही. पण माझं ठाम मत असं की हे शब्द निघू पाहणाऱ्याला थांबवण्यासाठी आहेत. परत आलेल्याच्या तोंडावर दार लावण्यासाठी ते वापरणं हा पत्राचा गैरवापर आहे. जिला परत यावंसं वाटलं, तिला तेव्हाच ४:१४-१६ वाचून दाखवा. आपल्या दुर्बलतेबद्दल कळवळा असलेला प्रमुख याजक आहे, धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या, असं तिथे आहे.

शिस्तीचं वचन रुग्णाच्या उशाशी नेणं

१२:५-११ मध्ये नीतिसूत्रांचा आधार घेऊन म्हटलंय की ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. पाळकांनी, काका-मावश्यांनी हे वचन इस्पितळात म्हणून दाखवलेलं मी ऐकलं आहे, आणि ऐकणाऱ्याचा चेहराही पाहिला आहे. कुठल्या पापाची ही शिक्षा, याचा शोध तो मनातल्या मनात घेऊ लागतो.

हे वाचणाऱ्यांचं दुःख कोणतं होतं ते आधी पाहायला हवं. त्यांना त्रास होत होता तो विरोधकांकडून, विश्वास धरल्यामुळे. त्यांच्या कुठल्या गुन्ह्याचा हिशेब इथे चाललेला नाही. लगेच आधी, १२:३ मध्ये, पापी लोकांचा विरोध सोसणाऱ्या येशूकडे पाहायला सांगितलं आहे, आणि त्याने काही पाप केलं म्हणून त्याला सोसावं लागलं असं लेखक कधीही म्हणणार नाही. वडील मुलाला घडवतात, वळण लावतात, तसं देव या छळातूनही तुम्हाला लेकरासारखं वागवतो, हा इथला दिलासा आहे. शिवाय परिच्छेद संपतो तो १२:१२-१३ वर: लोंबणारे हात आणि लटपटणारे गुडघे सरळ करा, लंगडं पडलेलं आणखी निखळू नये म्हणून वाट सपाट करा. रुग्णाला भेटायला जायचंच असेल तर ही दोन वचनं घेऊन जा, आणि डबाही न्या.

जुना करार न उघडता सातवा ते दहावा अध्याय वाचणं

इथे गाडी अडते. मलकीसदेक कोण, पडदा कसला, रक्त का, काही लागत नाही आणि मंडळी थेट अकराव्यावर उडी मारतात. आधी थोडी तयारी केली की अडचण सुटते. सातव्या अध्यायापूर्वी उत्पत्ती १४ चा शेवट आणि स्तोत्र ११० वाचा. आठव्यापूर्वी यिर्मया ३१:३१-३४. नवव्या-दहाव्यापूर्वी लेवीय १६, म्हणजे वर्षातून एकदा प्रमुख याजक परमपवित्रस्थानात जाई तो प्रायश्चित्ताचा दिवस. तिसऱ्या-चौथ्यासाठी स्तोत्र ९५ आणि गणना १३-१४. बारा हेर गेले, दहा जण घाबरवणारी बातमी घेऊन आले, आणि लोक उंबरठ्यावरून मागे फिरले. चिकाटी सुटणं म्हणजे काय, हे त्या दोन अध्यायांइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

एक भान ठेवावं. ‘जुना करार जीर्ण झाला’ हे वाचून यहुदी लोकांबद्दल तुच्छतेने बोलण्याची सवय काही उपदेशांत दिसते. हे पत्र लिहिणारा यहुदी शास्त्र श्वासासारखं वापरतो आणि त्याचा सगळा युक्तिवाद त्या शास्त्राच्या आतून आहे. प्रायश्चित्ताचा दिवस ही काही मेलेली रीतही नाही. रायगडच्या किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या तो पाळला, उपास करून, पांढरे कपडे घालून, आणि दार बंद करण्याचा सण अशा अर्थाचं मराठी नाव देऊन.

उद्धरणं मुळाशी जुळत नाहीत म्हणून कुणी गोंधळलं, तर कारण सोपं आहे. लेखक ग्रीक भाषांतरातून उद्धृत करतो आणि आपला जुना करार इब्री भाषेतून आलेला आहे. १०:५ आणि स्तोत्र ४०:६ ताडून पाहिलंत तर एकीकडे शरीर आणि दुसरीकडे कान दिसतील. तेवढं समजून पुढे जावं.

लेखक कोण, यातच तास घालवणं

किंग जेम्स आवृत्तीच्या मथळ्यात पौलाचं नाव आहे, पण पत्रात लेखकाचं नाव कुठेच नाही. २:३ मध्ये तो म्हणतो की प्रभूचं ऐकणाऱ्यांकडून हा संदेश आमच्यापर्यंत आला. गलतीकरांच्या पत्रात आपल्याला शुभवर्तमान माणसांकडून मिळालं नाही असं ठासून सांगणारा पौल असं लिहील हे अवघड वाटतं. प्राचीन चर्चमधला लेखक टर्टुलियन याने बर्णबाचं नाव घेतलं, लूथरने अपुल्लोसचं. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने खरं काय ते देवालाच ठाऊक म्हटलं. पाच मिनिटं पुरे.

तेरावा अध्याय सोडून देणं, आणि एकट्यानेच वाचणं

बारावा झाला की अभ्यास संपल्यासारखा वाटतो. पण १३:२२ मध्ये लेखक आपल्या लिखाणाला बोधवचन म्हणतो. प्रेषितांच्या कृत्यांत पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात पौलाला बोलायला सांगतात तेव्हा हाच शब्दप्रयोग येतो. म्हणजे हा उपदेश आहे, जमलेल्या लोकांना ऐकवायचा. सगळं पत्र मोठ्याने वाचायला साधारण तासभर लागतो. आळीपाळीने वाचा, घरगुती प्रार्थनासभेत एखादा रविवार त्यासाठीच ठेवा. ३:१३ रोज एकमेकांना धीर द्यायला सांगतं, आणि हे घरी एकट्याने टिपणं काढून होत नाही.

तेराव्यात टिकून राहण्याचं रोजचं रूप आहे: परक्यांचा पाहुणचार, लग्नाची प्रामाणिक जपणूक, पैशाचा लोभ नसणं, आणि तुरुंगात असलेल्यांची आठवण, जणू आपणही त्यांच्याबरोबर बांधलेले आहोत अशी. दहाव्या अध्यायात याच लोकांनी पूर्वी कैद्यांसाठी काय केलं ते आलं होतं. अभ्यासाच्या शेवटच्या बैठकीला याद्या काढा: सभेला यायचं कोण थांबलंय, कुणाच्या घरी कोण जाणार, आणि कुठल्या दिवशी.