एज ऑफ एम्पायर्स ४ मध्ये फ्रेंच खेळताय? या चुका टाळा

एज ऑफ एम्पायर्स ४ या युद्धनीतीच्या व्हिडिओ गेममध्ये फ्रेंच घेऊन हरलेल्या डावांचे रिप्ले (डावाचं रेकॉर्डिंग) पाहिले तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. पहिला रॉयल नाईट, म्हणजे फ्रेंचांचा चिलखती घोडेस्वार, वेळेवर निघतो, समोरच्याच्या गावात शिरतो, दोन-तीन गावकरी मारतो. खेळणाऱ्याचं सगळं लक्ष त्या घोड्यावर असतं. मागे आपलं टाऊन सेंटर, म्हणजे गावकरी तयार करणारी मुख्य इमारत, रिकामं बसलेलं असतं आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला समोरचा कासल एजला, म्हणजे तिसऱ्या युगात, पोचलेला असतो.

फ्रेंचांना फ्यूडल एजमध्येच, म्हणजे दुसऱ्या युगातच, जड घोडदळ मिळतं. बहुतेकांना त्यासाठी कासल एजपर्यंत थांबावं लागतं. पण हे घोडदळ समोरच्याची फौज मोडायला नाही, त्याचं काम बंद पाडायला आहे. लाकूडतोडे पळाले, सोन्याच्या खाणीवरचे गावकरी टाऊन सेंटरमध्ये लपले, की नाईटनी आपलं काम केलं. हे डोक्यात पक्कं नसलं की पुढच्या सगळ्या चुका ओळीने होतात.

भाल्यांवर घोडे घालणं

एका रॉयल नाईटला १४० अन्न आणि १०० सोनं लागतं. भालाईत ६० अन्न आणि २० लाकडात तयार होतो. म्हणजे एका नाईटच्या खर्चात तीन भालाईत उभे राहतात, तेही सोनं न खर्चता. हा हिशेब समोरच्याच्या बाजूने आहे. त्यामुळे चार नाईट आणि आठ भालाईत समोरासमोर आले तर तिथून निघून जाणं हाच शहाणपणा.

नाईटची खरी ताकद धावत येऊन मारलेल्या पहिल्या धडकेत असते. धडकेनंतर काही सेकंद त्याचा वार जास्त लागतो, मग तो ओसरतो. बहुतेक जण धडक देतात आणि घोडे तिथेच लढत ठेवतात. तसं करू नका. धडक द्या, बाहेर काढा, लांब नेऊन वळवा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा घाला. गनिमी कावा कळणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. भाले रोखून उभ्या असलेल्या रांगेवर मात्र समोरून कधीच जाऊ नका.

इंग्रजांविरुद्ध हे दुप्पट लागू होतं. त्यांचे लाँगबोधारी जमिनीत अणकुचीदार खुंट रोवतात आणि त्यांचे गावकरीसुद्धा धनुष्य चालवतात. १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच सरदारांचं असंच झालं: चिखलाचं शेत, पुढे रोवलेले खुंट आणि वरून बाणांचा मारा. गेममध्ये तुम्हाला बाजूने वळसा घालायची मोकळीक आहे. इंग्रजांच्या गावात एकटा-दुकटा नाईट पाठवू नका, किमान तीन-चार एकत्र जाऊ द्या.

‘माझे नाईट लगेच मरतात’ ही तक्रार असेल तर रिप्लेमध्ये त्यांना कोणी मारलं ते आधी बघा. भाल्यांनी मारलं असेल तर आणखी नाईट काढून उपयोग नाही, सोबत तिरंदाज हवेत. तिरंदाजाला ३० अन्न आणि ५० लाकूड लागतं, म्हणजे नाईटच्या सोन्याला धक्का लागत नाही. तिरंदाज भाले टिपतात, नाईट समोरच्याचे तिरंदाज कापतात. टाऊन सेंटरच्या बाणांनी मारलं असेल तर तुम्ही पळणाऱ्या गावकऱ्याच्या मागे फार आत गेलात. आणि अर्धा जीव राहिलेला नाईट परत आणायची सवय लावून घ्या. शिव्हलरी हे संशोधन केलं की लढाईबाहेर उभे असलेले नाईट आपोआप भरून निघतात. जिवंत परत आलेला प्रत्येक नाईट म्हणजे २४० चा माल वाचला.

घोडे धावतात, गाव थांबतं

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक ही. फ्रेंचांचं टाऊन सेंटर इतरांपेक्षा लवकर गावकरी काढतं आणि हा वेग पुढच्या युगांमध्ये वाढत जातो. ही देणगी नाईटइतकीच मोलाची आहे, फक्त डोळ्यांत भरत नाही. गावकऱ्याला ५० अन्न लागतं, नाईटला १४०. दोघं एकाच ताटातून जेवतात, आणि पागेवर आधी क्लिक केलं की टाऊन सेंटर उपाशी राहतं.

माझा अंदाज असा: एक पागा आणि टाऊन सेंटर अखंड चालवायचं तर अन्नावर दहा-अकरा आणि सोन्यावर पाच गावकरी लागतात. पॅचनुसार, म्हणजे गेमच्या अपडेटनुसार, हे थोडं हलतं. सोनं साठतंय आणि अन्न शून्यावर असेल तर सोन्यावरचे दोघं-तिघं उचलून अन्नावर घाला. दोन्ही साठत असेल तर दुसरी पागा बांधा. आणि ५० लाकडाचं घर वेळेवर उभं करा. लोकसंख्येची मर्यादा लागली की सगळंच थांबतं.

लँडमार्कची निवड

पुढच्या युगात जायला दोनपैकी एक लँडमार्क, म्हणजे खास इमारत, बांधावी लागते. फ्यूडल एजसाठी शंका असेल तर स्कूल ऑफ कॅव्हलरी. ती स्वतः पागा म्हणून चालते आणि सगळ्या पागांचा वेग वाढवते. चेंबर ऑफ कॉमर्स व्यापारासाठी आहे. फ्रेंच व्यापारी हवं ते साधन आणू शकतो, पण बाजाराची वाट तुम्हाला राखता येत असेल तरच हा मार्ग धरा.

कासल एज लांबवणं

कासल एजला १२०० अन्न आणि ६०० सोनं लागतं, म्हणजे सहा नाईटचं सोनं. पहिले नाईट छान खेळले की ‘अजून दोन’ काढायचा मोह होतो. समोरच्याच्या प्रत्येक खाणीपाशी भालाईत उभे दिसू लागले की तो मोह सोडा. गावकरी काढत राहा आणि युग बदला.

तिथे अर्बालेतिए, म्हणजे फ्रेंच क्रॉसबोधारी, मिळतात. जड चिलखतावर ते फार प्रभावी आहेत, पण त्यांची पाव्हीज ढाल आपोआप उभी होत नाही, बटण दाबावं लागतं. १३४६ साली क्रेसीला फ्रेंचांच्या बाजूने लढणारे जिनोआचे क्रॉसबोधारी ढालींविना पुढे गेले. ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या, असं सांगतात. बाण सुरू व्हायच्या आधी ते बटण दाबा.

याच काळात कीप (दगडी किल्ला) बांधाल तर त्याच्या परिघात पागा आणि तिरंदाजांच्या इमारती घ्या. तिथे तयार होणारे सैनिक २० टक्के स्वस्त पडतात. कीप सीमेवर आणि पागा घराजवळ ठेवली तर ८०० दगडांत फक्त भिंतीच मिळतात.

तोफा एकट्या सोडणं

इम्पीरियल एजमध्ये, म्हणजे शेवटच्या युगात, कॉलेज ऑफ आर्टिलरी हा लँडमार्क घेतला की शाही तोफा मिळतात आणि समोरचे किल्ले भराभर पडतात. १४५३ साली कास्तीयोंला सेनापती टॅल्बटच्या इंग्रज फौजेने फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख झां ब्यूरो याच्या तोफांवरच चाल केली आणि ती तिथेच संपली, कारण त्या तोफा खंदक खणून बांधलेल्या छावणीत होत्या. तुमच्या तोफा उघड्या मैदानात असतात. दोन-तीन वेगवान घोडेस्वारही त्या मोडून जातात, म्हणून तोफांचा आणि आठ-दहा भालाइतांचा एकच गट करा आणि तोफ जिथे थांबेल तिथे भाले तिच्या पुढे उभे करा.