अरुंधती एकमेकांना कशी दाखवावी

आमचं लग्न मे महिन्यातलं, दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताचं. विधी उरकता उरकता गुरुजी म्हणाले, "आता दोघांनी वर बघून अरुंधतीच्या ताऱ्याला नमस्कार करा." वर मंडपाचं कापड होतं आणि गरगरणारा पंखा. आम्ही पंख्याला नमस्कार केला. बहुतेकांचं असंच होतं, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. राहिलेलं दर्शन केव्हाही घेता येतं, आणि त्याला गुरुजी लागत नाहीत.

आमचं ते 11 वर्षांनी झालं. जानेवारीत शेतीची लाईट रात्रपाळीची होती, गव्हाला पाणी द्यायला आम्ही दोघं पहाटे चारला शेतात. पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत बांधावर बसलो होतो. ही उत्तरेकडे बघत म्हणाली, "बाज बघा, किती वर आली."

ही बाज, म्हणजे खाट, हे सप्तर्षीच. आमच्याकडची जुनी माणसं त्याला ऋषी म्हणत नाहीत. चौकोनाचे चार तारे हे बाजेचे खूर, आणि मागून वाकडी रांग लावून येणारे तीन चोर. हे सासरेबुवांनी हिला धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, निजताना शिकवलेलं. मी शाळेत भूगोलात पहिला, पण मला हे ठाऊक नव्हतं.

तर आता तुम्ही.

आधी रात्र निवडा. चंद्र नको, म्हणजे अमावस्येच्या आगेमागे चार-पाच दिवस. संध्याकाळी बघायचं तर एप्रिल-मे उत्तम, रात्री नऊ-दहाला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात. दिवाळीत, डिसेंबरात संध्याकाळी शोधू नका, तेव्हा ते क्षितिजाखाली असतात. मेमध्ये आपल्याकडे धुरळा फार. वळवाची एखादी सर पडून गेली की त्याच रात्री गच्चीवर जा, आकाश धुतल्यासारखं असतं.

मग डोळ्यांना वेळ द्या. अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि मोबाईलवर एकदा नजर टाकली की सगळं पहिल्यापासून. बॅटरी लागणारच असेल तर तिच्यावर लाल जिलेटीन कागद गुंडाळा, लाल उजेडाने डोळे फारसे बिघडत नाहीत. ही पहिली 20 मिनिटं अवघड जातात, खरं सांगतो. मोबाईल नाही, टीव्ही नाही, नवरा-बायको शेजारी बसलेले. आमचं त्यात आधी सोसायटीच्या हप्त्यावरून वाजलं, मग दोघंही गप्प झालो.

दिशा सोपी आहे. तापीकाठच्या गावांना सातपुडा उत्तरेला, तेव्हा सातपुड्याकडे तोंड करा. हात ताठ लांब करून वीत पसरा, करंगळी क्षितिजावर ठेवा. अंगठ्याच्या टोकाशी, जवळपास एकटाच, तो ध्रुव. खानदेश साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवही तेवढाच वर, एक वीतभर. खात्री करायची तर बाजेचे चोरांपासून लांबचे दोन खूर, क्रतू आणि पुलह, यांची रेघ त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. ती ध्रुवापाशी पोचते.

आता खरं काम. तीन चोरांतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून, चंद्राच्या निम्म्या रुंदीहूनही कमी अंतरावर, एक बारीक ठिपका आहे. तीच अरुंधती.

"ती बघ तिथे" म्हणून बोट दाखवून काही होत नाही. तुमचं बोट तुमच्या डोळ्याच्या रेषेत असतं, तिच्या नाही. म्हणून दाखवणाऱ्याने मागे बसावं, गाल तिच्या (किंवा त्याच्या) कानाला लागेल इतकं डोकं जवळ आणावं, आणि हात खांद्यावरून पुढे लांब करावा. आधी ठळक वसिष्ठच दाखवावा, तो पक्का सापडला की मग "आता त्याच्या शेजारी" म्हणावं. शास्त्रात याला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात, मोठ्यावरून बारक्याकडे. त्या पहाटे ही माझ्या मागे बसली. स्वेटरला चुलीच्या धुराचा वास, हाताला गार चिखल. इतक्या जवळ आम्ही उघड्यावर कधी बसलो नव्हतो.

"दिखनी का?"

"माले ते एकच दिखस."

दिसत नसेल तर ताऱ्याकडे रोखून बघू नका. नजर किंचित बाजूला ठेवा, अंधुक तारा डोळ्याच्या कडेने लवकर सापडतो. तरीही नाही, तर घाबरू नका. अरुंधती दिसेनाशी झाली की सहा महिन्यांत माणूस जातो, असं म्हातारी माणसं म्हणतात. मीही आठवडाभर गप्प गप्प होतो. डोळे तपासले तर चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला. वय झालं असेल तर मोतीबिंदूही बघून घ्या.

व्हॉट्सॲपवर फिरतं की वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फेर धरतात, म्हणून लग्नात दाखवतात. ते इतक्या ठामपणे सांगू नका. पक्कं एवढंच की दोघं अवकाशात एकाच दिशेने, साधारण एकाच वेगाने चालले आहेत. दुर्बिणीतून वसिष्ठ एकटा राहतच नाही, त्याचेच दोन तारे होतात. आपल्यापासून अंतर सुमारे 80 प्रकाशवर्षं, म्हणजे आज डोळ्यात शिरलेला उजेड आजी-आजोबांच्या लग्नाच्या सुमारास निघालेला.

गावात दिव्यांचा फार उजेड असेल तर शेत गाठा, नाहीतर सातपुड्यात तोरणमाळला मुक्कामी जा. चाळीसगावजवळचं पाटणादेवी दिवसा बघून या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. ते जंगल आहे, रात्री थांबायचा हट्ट नको.

नव्या चष्म्याने मला अरुंधती दिसली ती मेमध्ये, आमच्या गच्चीवर. "दिखनी व माय, दिखनी!" असं मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे उठले. आणि पुढचं पाऊल टाकलं ते थेट बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर; वाळवण उचलायचं राहिलं होतं. तेव्हा शेवटची सूचना: उतरताना बॅटरी लावा. आमच्याकडे तेव्हापासून ही पुढे उतरते, मी मागे.