जत्रेचं नाटक: कामाचे तुकडे पाडायचे कसे

जत्रेच्या नाटकाचं एक बरं असतं, तिथी हलत नाही. म्हणून आखणी शेवटाकडून करायची. प्रयोगाच्या तीन दिवस आधी रंगीत तालीम, तिच्या आधल्या आठवड्यात नेपथ्य आणि कपडे तयार, प्रयोगाला तीन आठवडे उरले की तालमीत हातात पुस्तक नको. नोकरी सांभाळून संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींनी दोन अंकांना आठ आठवडे धरावेत. जत्रा कार्तिकातली असेल तर दिवाळीआधीचे चार दिवस त्यातून वजा करा. दिवाळीला नरकासुराचा पुतळा करणारी पोरंच तुमच्या नाटकात असतात.

आता कामं. कागदावर ‘नेपथ्य’ असं लिहून पुढे कुणाचं तरी नाव टाकलं, की ते शेवटच्या आठवड्यापर्यंत तसंच पडून राहतं, कारण सुरुवात कुठून करायची हेच त्यात नसतं. तेच असं फोडा: रंगमंचाची रुंदी, खोली आणि झालरीखालची उंची मोजणं, दारं-खिडक्या दाखवणारा नकाशा, दिग्दर्शकाचा होकार, लाकूड-प्लाय आणणं, चौकटी ठोकणं, रंग, टेम्पो, उभारणी. प्लाय ८ बाय ४ फुटांचा येतो. झालर साडेसात फुटांवर असेल तर ते मोजताना कळायला हवं, उभारताना नव्हे. दार कुठल्या बाजूला उघडतं हेही नकाशातच ठरवा, नाहीतर नटांची बसलेली हालचाल मोडते. ओल्या हवेत रंगाला सुकायला दोन रात्री द्या.

तुकडा नीट पडला का, हे पाहायला ‘झालं का?’ एवढंच विचारा. उत्तर ‘होतंय’ असं आलं, तर आणखी फोडा. तीन संध्याकाळींपेक्षा मोठं काम नको. तासाभराची किरकोळ कामं वेगळी लिहीत बसू नका, यादी कुणी वाचणार नाही. आणि एका कामापुढे एकच नाव. दोघं असले की दोघंही दुसऱ्यावर विसंबतात.

ज्यांच्यावर दुसरी कामं अडतात, ती आधी सुरू करा. लेखकाची परवानगी आणि मानधन पहिल्याच आठवड्यात. विजेचंही तसंच: १००० वॅटचा एक दिवा २३० व्होल्टला ४.३ अँपिअर घेतो, सहा दिव्यांचे २६ होतात. देवळातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ते चालत नाहीत. वेगळी जोडणी की जनरेटर, हे देवस्थान समितीशी बोलून महिनाभर आधी ठरलं पाहिजे. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो. सरकार ठरावीक दिवसांना १२ पर्यंत सूट देतं; आपला दिवस त्यात बसतो का, हे विचारणं हेसुद्धा एक काम, त्यालाही नाव आणि तारीख.

दर रविवारी तालमीआधी दहा मिनिटं यादी वाचा. अडलेलं काम त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्या, मान-अपमान नंतर बघू.

प्रयोगानंतरची कामं यादीत हमखास राहतात: सेट उतरवणं, भाड्याचे कपडे मोजून परत करणं, हिशेब. ती भूमिका नसलेल्यांकडे द्या. नट तेव्हा रंग पुसत असतात.