गोल काळा करायचा, भोक पाडायचं नाही

उत्तराचा गोल काळा करायची परीक्षा रविवारी असेल तर गुरुवारीच हॉल तिकीट काढून मागची बाजू चष्मा लावून वाचावी. पेन्सिल चालते की नाही, हे आधी तिथे बघायचं. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला काळं बॉलपेनच लागतं, एमपीएससीलाही बॉलपेनच, आणि एमएचटी-सीईटी तर संगणकावर होते. पेन्सिल उरली ती मुख्यतः शाळांतून होणाऱ्या काही ऑलिम्पियाडसारख्या परीक्षांना. पेन सांगितलेलं असताना 'आधी पेन्सिलीनं करतो, मग पेन फिरवतो' हा शहाणपणा मुलांना करू देऊ नका. शेवटच्या पाच मिनिटांत निम्मे गोल तसेच राहतात.

पेन्सिल चालत असेल तर एचबी घ्या. आपण शिसं म्हणतो ते खरं तर ग्राफाइट आणि माती. माती जास्त की टोक कडक आणि रेघ फिकी, ती एच. ग्राफाइट जास्त की मऊ आणि काळीभोर, ती बी. उत्तरपत्रिका वाचणारं यंत्र प्रत्येक गोल किती काळा आहे एवढंच बघतं. एचची रेघ फिकी पडते आणि नीट न खोडलेल्या डागाच्या रंगाला जाऊन बसते, पंचाईत तिथे होते. टूबी काळी खरी, पण मुंबईच्या घामेजल्या तळहाताखाली आली की शेजारच्या तीन गोलांवर सावली पाडते. एचबी पुरेशी काळी आणि खोडायलाही बरी. अमेरिकेत हिलाच नंबर दोन म्हणतात. तिकडे आयबीएमनं १९३८ साली उत्तरं तपासायचं यंत्र काढलं. ते ग्राफाइटमधून जाणाऱ्या विजेवरून खूण ओळखायचं, म्हणून तेव्हा पेन्सिलीशिवाय गत्यंतरच नव्हतं. आता काम उजेडावर चालतं, पेन्सिल मात्र चिकटून राहिली.

नटराज की अप्सरा, यावरून घरात वाद घालू नये. दोन्ही एकाच कंपनीच्या, १९५८ साली सुरू झालेल्या मुंबईच्या हिंदुस्तान पेन्सिल्सच्या. त्यापेक्षा पेन्सिलीवर एचबी छापलंय ते टोक सोडून दुसऱ्या बाजूनं तासा, म्हणजे अर्धी झाली तरी कोणती ते कळतं. तीन घ्या आणि आठवडाभर घरी वापरा. जी जमिनीवर पडली ती बाद करा. वरून धडधाकट दिसते, पण आत शिसं तुटलेलं असतं आणि शार्पनरमध्ये दर वेळी टोक गळतं. खटका दाबून शिसं पुढे येतं ती पेन-पेन्सिल नकोच. तिचं शिसं गोल भरताना कटकन मोडतं.

आता टोकाबद्दल, आणि यात माझे हात पोळलेत. सातवीत एका परीक्षेच्या आदल्या रात्री बाबांनी चार पेन्सिली ब्लेडनं तासल्या, दाभणासारख्या. पहिल्याच गोलाला टोक मोडलं, तुकडा कागदावर घरंगळला आणि पुसायला गेले तर काळा पट्टा उमटला. दुसऱ्या गोलाला भोक. खाली बाक होता आणि त्यावर कुणीतरी कर्कटकानं बदाम कोरला होता. पुढचे दोन तास मी त्या बदामाला चुकवत उत्तरपत्रिका इकडून तिकडे सरकवत होते. म्हणून लेकीला सांगते, परवानगी असेल तर पॅड न्यायचं, आणि टोक तासून झालं की रद्दी कागदावर तिरपं घासून बोथट करायचं. घड्याळ लावून बघितलं, टोकदार पेन्सिलीनं तिला एका गोलाला सहा-सात सेकंद लागत होते, बोथटीनं दोन-तीन. पन्नास प्रश्नांत तीन मिनिटं सुटली. दोन पेन्सिली बोथट करा, एक टोकदार ठेवा कच्च्या कामाला आणि नावाची अक्षरं लिहायला.

खोडरबर पांढरा, साधा, भुगा कमी पाडणारा. स्ट्रॉबेरीच्या वासाचे आणि पेन्सिलीच्या शेपटीवरचे घरी ठेवा. वापरण्याआधी त्याचा काळा कोपरा रुमालावर घासून घ्यायचा, नाहीतर डाग पुसण्याऐवजी पसरतो. परीक्षा पावसाळ्यात असेल तर कागद सर्दावलेला असतो. जोरात खोडलं की कुसं निघतात, मग हलक्या हातानं, एकाच दिशेनं. भुगा फुंकू नये, थुंकी उडते. झटकावा. शार्पनर झाकणाचा हवा, बाकी काही नाही.

शनिवारी रात्री पेन्सिली रुमालात गुंडाळून कंपासपेटीत ठेवायच्या, गर्दीत पेटी आपटली तरी शिसं वाचतं. आणि झोपण्याआधी लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी कोणता मार्ग बंद आहे ते, बघायचा. मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला तर धीम्या गाड्या जलद मार्गावरून जातात आणि मधली काही स्टेशनं गाळतात, केंद्र नेमकं विद्याविहारला असतं.